कृत्रिम श्वसनयंत्रातील कालनियोजन आणि रुग्णाचे श्वसनचक्र : उच्छ्वासकालाच्या विशेष संदर्भात

गोषवारा : कृत्रिम श्वसनयंत्र रुग्णाच्या फुप्फुसांत हवा भरते, ती बाहेर काढण्याचे काम मात्र फुप्फुसांच्या स्वतःच्या आकुंचनशक्तीवर सोडलेले असते. या कामासाठी फुप्फुसांना किती सेकंद मिळतात, हे यंत्रावर निश्चित केलेल्या वेळेवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात श्वसनदर, श्वासकाल आणि श्वास-उच्छ्वास प्रमाण या तीन राशींचा परस्परसंबंध, फुप्फुसांच्या कालस्थिरांकाशी असलेले त्यांचे नाते, आणि या नात्यात बिघाड झाल्यास होणारे परिणाम यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : श्वसनयंत्र, उच्छ्वासकाल, कालस्थिरांक, ऑटो-पीप, विसंवाद.

प्रास्ताविक

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांसाठी ब्लेगडॅम रुग्णालयात शरीर बाहेरून वेढणारी, ऋण दाबावर चालणारी मोजकीच यंत्रे होती. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत अशा यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यानंतर भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यास सुरुवात केली. रुग्णालयाचे प्रमुख हेन्री लासेन यांनी ही पद्धत सर्व रुग्णांसाठी स्वीकारली. पुढील काही महिने सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशवी दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण ८७ टक्क्यांवरून कालांतराने सुमारे २५ टक्क्यांपर्यंत खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा आरंभ याच घटनेपासून मानला जातो.

या इतिहासातील एका बाजूकडे सहसा लक्ष दिले जात नाही. पिशवी केव्हा दाबायची, किती वेळ दाबून धरायची आणि केव्हा सोडायची, हे ठरविणारा विद्यार्थी रुग्णाच्या छातीकडे पाहत असे. छाती खाली बसल्यानंतरच तो पुढचा श्वास देई. हाताची जागा यंत्राने घेतली तेव्हा दाब आणि आकारमान यांचे मोजमाप हातापेक्षा कितीतरी अचूक झाले. मात्र छातीकडे पाहणारी नजर यंत्राला नव्हती. तिच्या जागी काही खटके आणि आकडे आले. हे आकडे नेमके काय ठरवितात, हा या लेखाचा विषय आहे.

श्वसनचक्राचे विभाग

मराठीत 'श्वास' हा शब्द व्यवहारात दोन्ही क्रियांना लागू होतो. श्वास घेतला जातो आणि श्वासच सोडलाही जातो. शास्त्रीय लेखनात मात्र आत घेणे तो श्वास आणि बाहेर सोडणे तो उच्छ्वास, असा भेद करावा लागतो. योगशास्त्राने हा भेद फार पूर्वी काटेकोरपणे केला होता. पूरक, कुंभक आणि रेचक अशी त्याची विभागणी असून, परंपरेने सांगितलेल्या १:४:२ या प्रमाणात रेचकाचा काल पूरकाच्या दुप्पट आहे. श्वसनयंत्रावर प्रारंभी ठेवले जाणारे श्वास-उच्छ्वास प्रमाणही बहुधा १:२ असते, आणि श्वासाच्या अखेरीस हवा क्षणभर रोखून धरण्याची जी सोय यंत्रात असते ती एका अर्थी कुंभकच होय. या साम्यावरून फार मोठे निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. स्वस्थ शरीरात उच्छ्वास श्वासापेक्षा लांब असतो, या एकाच निरीक्षणातून दोन्ही आकडे आलेले असावेत, इतकेच म्हणता येईल.

स्वस्थ माणूस विश्रांतीच्या अवस्थेत श्वास घेताना श्वासपटल व बरगड्यांमधील स्नायू वापरतो. उच्छ्वासाच्या वेळी हे स्नायू केवळ सैल पडतात. ताणलेल्या रबराप्रमाणे फुप्फुसे व छाती मूळ स्थितीकडे परततात आणि हवा बाहेर पडते. श्वसनयंत्राने श्वासाची रीत पूर्णपणे उलटविली आहे. शरीर छातीत ऋण दाब निर्माण करून हवा ओढून घेते, तर यंत्र धन दाबाने ती आत ढकलते. उच्छ्वासाची रीत मात्र यंत्रावरही तीच राहते. यंत्र आपली झडप उघडते आणि थांबते. त्यापलीकडे नेहमीच्या श्वसनयंत्राचा उच्छ्वासात सहभाग नसतो. म्हणूनच यंत्रावरील रुग्णाच्या बाबतीत उच्छ्वास ही श्वसनचक्राची दुर्लक्षिली जाणारी आणि त्यामुळे अधिक धोक्याची बाजू ठरते.

तीन राशी, दोन स्वातंत्र्ये

श्वसनदर मिनिटाला १२ असेल तर एका चक्राला ५ सेकंद मिळतात. प्रमाण १:२ असेल तर त्यातील १.६७ सेकंद श्वासाला आणि ३.३३ सेकंद उच्छ्वासाला जातात. हे अंकगणित प्राथमिक शाळेतील आहे. अडचण निराळीच आहे. श्वसनदर, श्वासकाल आणि श्वास-उच्छ्वास प्रमाण या तीन राशींपैकी कोणत्याही दोन निश्चित केल्या की तिसरी आपोआप ठरते. आणि कोणत्या दोन निश्चित करायच्या, याबाबत सर्व यंत्रांची रचना एकसारखी नाही. काही यंत्रांवर श्वासकाल सेकंदांत द्यावा लागतो, काहींवर प्रमाण द्यावे लागते, काहींवर चक्राचा अमुक टक्के भाग श्वासासाठी असे सांगावे लागते, तर काहींवर हवेचा प्रवाह मिनिटाला किती लिटर हे ठरविले की श्वासकाल त्यातून निघतो. सेकंदाला १ लिटर म्हणजे मिनिटाला ६० लिटर प्रवाह असेल, तर ५०० मिलिलिटर हवा अर्ध्या सेकंदात आत जाते.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन यंत्रांवर श्वसनदर १२, श्वासकाल १ सेकंद आणि उच्छ्वासकाल ४ सेकंद अशी एकच स्थिती आहे. रुग्णाच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे डॉक्टरांनी दोन्हींवर श्वसनदर २० केला. पहिल्या यंत्रावर श्वासकाल सेकंदांत बांधलेला आहे. तेथे श्वास १ सेकंदाचाच राहील, उच्छ्वास मात्र ४ वरून २ सेकंदांवर येईल आणि प्रमाण १:४ वरून १:२ होईल. दुसऱ्या यंत्रावर प्रमाण १:४ असे बांधलेले आहे. तेथे श्वास ०.६ सेकंदाचा आणि उच्छ्वास २.४ सेकंदांचा होईल. मात्र तेवढीच ५०० मिलिलिटर हवा आता ०.६ सेकंदात ढकलायची असल्याने प्रवाह मिनिटाला ३० लिटरवरून ५० लिटर होईल व श्वासनलिकेतील कमाल दाब वाढेल. खटका एकच फिरविला गेला. दोन रुग्णांच्या बाबतीत घडले ते वेगळे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. रुग्णाच्या नोंदपत्रावर प्रमाण लिहिण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. परंतु प्रमाण हा आकडा फसवा आहे. मिनिटाला १० श्वास आणि १:२ हे प्रमाण असता उच्छ्वासाला ४ सेकंद मिळतात. मिनिटाला ३० श्वास आणि तेच १:२ प्रमाण असता केवळ १.३३ सेकंद मिळतात. फुप्फुसांना प्रमाणाची जाणीव नसते. त्यांना कळतात ते सेकंद. नोंदपत्रात प्रमाणाशेजारी उच्छ्वासकाल सेकंदांत लिहिण्याची सवय लागल्यास पुढे वर्णन केलेले बरेचसे घोटाळे खाटेजवळच ध्यानात येतील.

कालस्थिरांक

किती सेकंद पुरेसे, याचे उत्तर भौतिकशास्त्रातील एका परिचित संकल्पनेत आहे. विद्युतरोधातून विद्युतधारित्राचा भार ज्या रीतीने ओसरतो, त्याच रीतीने श्वासमार्गातून फुप्फुसांतील हवा ओसरते. येथे रोध म्हणजे श्वासनलिकांचा हवेला होणारा अडथळा आणि धारिता म्हणजे फुप्फुस व छाती यांची ताणशीलता, जिला अतिदक्षता विभागात 'कम्प्लायन्स' म्हणतात. या दोहोंचा गुणाकार म्हणजे कालस्थिरांक. एक कालस्थिरांक एवढा वेळ गेला की ६३ टक्के हवा बाहेर पडते, दोन कालस्थिरांकांत ८६ टक्क्यांहून थोडी अधिक, आणि तीन कालस्थिरांकांत ९५ टक्के. म्हणून उच्छ्वासाला किमान तीन कालस्थिरांक मिळावेत, असा स्थूल नियम सांगितला जातो.

श्वासनलिकेत नळी असलेल्या, परंतु फुप्फुसे निरोगी असलेल्या प्रौढ रुग्णात ताणशीलता दर सेंटिमीटर जलदाबाला सुमारे ५० मिलिलिटर आणि रोध दर लिटर-प्रतिसेकंद प्रवाहाला सुमारे १० सेंटिमीटर असतो, असे धरले, तर कालस्थिरांक ०.५ सेकंद येतो. दीड सेकंदात उच्छ्वास जवळजवळ पूर्ण होतो. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या अशा रुग्णाला १:२ काय आणि १:१ काय, विशेष फरक पडत नाही. तीव्र श्वसनक्षोभ संलक्षणात, म्हणजे एआरडीएसमध्ये, फुप्फुसे ताठर होतात; ताणशीलता ३० पर्यंत उतरली असता कालस्थिरांक ०.३ सेकंदच भरतो. अकाली जन्मलेल्या बालकाच्या ताठर व चिमुकल्या फुप्फुसांत तो याहूनही बराच कमी असतो. मिनिटाला ४० ते ६० श्वास आणि जेमतेम ०.३ ते ०.४ सेकंदाचा श्वासकाल नवजात बालकाला मानवतो, त्याचे कारण हेच.

दम्याचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाची गोष्ट उलट आहे. त्याच्या श्वासनलिका आकुंचित, सुजलेल्या आणि चिकट स्रावाने भरलेल्या असतात. रोध ३० आणि ताणशीलता ६० धरली तर कालस्थिरांक १.८ सेकंद होतो आणि तीन कालस्थिरांक म्हणजे ५.४ सेकंद. वर घेतलेल्या मिनिटाला १२ श्वासांच्या संपूर्ण चक्रालाच ५ सेकंद मिळतात, हे येथे लक्षात घ्यावे. श्वासाला एकही क्षण न देता सगळा वेळ उच्छ्वासाला दिला, तरी तो पुरणार नाही.

अडकलेल्या हवेचा हिशेब

उच्छ्वास अपुरा राहिला तर उरलेली हवा कोठे जाते? ती फुप्फुसांतच राहते आणि पुढचा श्वास तिच्यावर येऊन पडतो. स्थानकात एस.टी. आली, निम्मे प्रवासी उतरण्यापूर्वीच नवे चढू लागले, आणि प्रत्येक थांब्यावर हेच घडत गेले, तर गाडीचे जे होईल तेच फुप्फुसांचे होते. मात्र गर्दी अमर्याद वाढत नाही. फुप्फुसे जितकी अधिक फुगतात तितका त्यांचा परतीचा ताण वाढतो आणि प्रत्येक उच्छ्वासात अधिक हवा बाहेर ढकलली जाते. काही श्वासांनंतर आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा सारखी होते. फक्त हा समतोल वरच्या पातळीवर साधलेला असतो.

उपरोक्त दम्याच्या रुग्णाचे गणित मांडून पाहता येईल. श्वास-आकारमान ५०० मिलिलिटर, दर १२, प्रमाण १:२, उच्छ्वासकाल ३.३३ सेकंद म्हणजे १.८५ कालस्थिरांक. उच्छ्वासाअखेर फुगलेल्या आकारमानाचा सुमारे १६ टक्के भाग शिल्लक राहतो. समतोलाच्या वेळी कायम अडकलेली हवा सुमारे ९३ मिलिलिटर भरते आणि तिच्यामुळे वायुकोशांत सुमारे १.६ सेंटिमीटर जलदाब राहतो. आता श्वसनदर दुप्पट करून २४ केला, प्रमाण तेच ठेवले. उच्छ्वासकाल १.६७ सेकंद होतो, ४० टक्के भाग शिल्लक राहतो, अडकलेली हवा सुमारे ३२८ मिलिलिटर आणि दाब ५.५ सेंटिमीटर होतो. दर दुप्पट झाला. अडकलेली हवा साडेतीन पट झाली. हा हिशेब सर्व वायुकोश एकसारखे आहेत असे मानून केलेला आहे. प्रत्यक्ष रोगात काही भागांचा कालस्थिरांक सरासरीहून पुष्कळ मोठा असतो आणि उच्छ्वासाच्या वेळी लहान श्वासनलिका मिटूनही जातात. त्यामुळे प्रत्यक्ष स्थिती या आकड्यांहून वाईट असते.

या अडकलेल्या दाबाला अमेरिकेतील पेपे आणि मरिनी यांनी १९८२ मध्ये 'ऑटो-पीप' असे नाव दिले आणि तो 'लपलेला' असल्याचे दाखवून दिले. लपलेला अशासाठी की, उच्छ्वासाच्या वेळी यंत्राची झडप उघडी असते आणि यंत्राचा दाबमापक झडपेजवळचा दाब वाचतो. तो शून्य दाखवीत असताना वायुकोशांत १० किंवा १५ सेंटिमीटर दाब असू शकतो. उच्छ्वासाच्या अखेरीस दोन्ही झडपा क्षणभर बंद ठेवून हवा स्थिर होऊ दिली म्हणजे हा दाब मापकावर प्रकट होतो. त्याहून सोपी खूण प्रवाहाच्या आलेखात सापडते. उच्छ्वासाची रेषा शून्याला टेकण्यापूर्वीच पुढचा श्वास सुरू होत असेल, तर हवा अडकत आहे हे निश्चित.

उपाय कोणता, याबाबत पहिली प्रतिक्रिया बहुधा प्रमाण बदलण्याची असते. पण गणित वेगळेच सांगते. मिनिटाला १२ श्वास असताना प्रमाण १:२ वरून १:४ केले, तर उच्छ्वासकाल ३.३३ वरून ४ सेकंद होतो. मिळकत दोन तृतीयांश सेकंदाची. प्रवाह ६० वरून १२० लिटर केला तर ५०० मिलिलिटरच्या श्वासात पाव सेकंदच वाचतो. उलट श्वासकाल १ सेकंद ठेवून दर २० वरून १२ वर आणला, तर उच्छ्वासकाल २ वरून ४ सेकंद होतो. टक्सेन आणि लेन यांनी १९८७ मध्ये तीव्र अवरोधाच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासातही मिनिटाला दिल्या जाणाऱ्या एकूण हवेचे प्रमाण आणि उच्छ्वासकाल हेच फुप्फुसे फुगण्याचे प्रमुख निर्धारक आढळले. म्हणजे उपाय आहे तो रुग्णाला कमी हवा देण्याचा.

हा उपाय पचनी पडण्यास वेळ लागला, यात नवल नाही. दर कमी केला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि तो सामान्य पातळीवर आणण्यासाठीच तर रुग्णाला यंत्रावर ठेवलेले असते. स्वित्झर्लंडमधील दारियोली आणि पेरे यांनी १९८४ मध्ये या विचारालाच छेद दिला. दम्याच्या रुग्णांना त्यांनी मुद्दाम कमी हवा दिली, कार्बन डायऑक्साइड वाढू दिला, आणि यंत्रावर ठेवलेल्या त्यांच्या रुग्णांपैकी एकही दगावला नाही. वाढलेला कार्बन डायऑक्साइड शरीर काही काळ सोसते. फुगलेल्या फुप्फुसांचा दाब ते तितक्या सहजी सोसत नाही.

हृदयावरील परिणाम

छातीतील धन दाबाचा हृदयाशी संबंध फार आधी ओळखला गेला होता. आंद्रे कुर्नां यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धन दाबाने श्वसन देताना हृदयाचे मिनिटागणिक उत्क्षेपण कसे घटते हे मोजले. श्वासाच्या वेळी छातीतील दाब वाढल्याने शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. उच्छ्वासात दाब लवकर उतरला आणि उच्छ्वास श्वासाइतका किंवा त्याहून लांब असला, तर ही तूट भरून निघते. अर्थात उच्छ्वासकाल ही फुप्फुसांइतकीच हृदयाचीही गरज आहे. हृदयात नलिका घालून मोजमाप करण्याच्या तंत्रासाठी कुर्नां यांना पुढे १९५६ मध्ये दोघा सहकाऱ्यांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

हवा अडकत गेली तर छातीतील दाब उच्छ्वासातही उतरत नाही आणि शिरांतून परतणारे रक्त आटत जाते. रक्तदाब कोसळतो. विद्युतहृदयालेख चालू असूनही नाडी हाती लागत नाही, अशी अवस्था येऊ शकते. अशा वेळी दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाला यंत्रापासून थोडा वेळ सोडवून उच्छ्वास पूर्ण होऊ देणे, छाती हाताने दाबून हवा बाहेर पडण्यास मदत करणे, हा उपचार सांगितलेला आहे. यंत्र काढून घेतल्याने रुग्ण वाचू शकतो, ही गोष्ट नवख्याला चमत्कारिक वाटते. वरील गणित समजलेल्याला वाटू नये.

हा धोका केवळ यंत्राचा नाही. हृदयक्रिया बंद पडलेल्या व्यक्तीला पिशवीने श्वास देणारे प्रशिक्षित कर्मचारी प्रत्यक्षात किती वेगाने पिशवी दाबतात, याची पाहणी अमेरिकेतील मिलवॉकी येथे ऑफडरहाइड आणि सहकाऱ्यांनी केली व ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. १३ रुग्णांच्या नोंदींत सरासरी दर मिनिटाला ३० निघाला. त्याच संशोधनात डुकरांवरील प्रयोगात मिनिटाला १२ श्वास दिलेल्या सातांपैकी सहा जगली, तर ३० श्वास दिलेल्या सातांपैकी एकच. घाईच्या प्रसंगी हात आपोआप वेगाने चालतो. कोपनहेगनचे विद्यार्थी छातीकडे पाहत बसले होते, हे येथे पुन्हा आठवते.

रुग्णाची स्वतःची लय

आतापर्यंतच्या विवेचनात रुग्ण निश्चेष्ट आहे असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात गुंगी उतरू लागली की मेंदूतील श्वसनकेंद्र आपली लय सांगू लागते आणि एका छातीवर दोन घड्याळे चालू होतात. बहुतेक पद्धतींत रुग्णाने श्वासाचा प्रयत्न केला की यंत्र तो ओळखून श्वास देते. अशा वेळी यंत्रावर लिहिलेला दर हा किमान दर असतो. दर १२ आणि श्वासकाल १.६७ सेकंद असा ठेवलेला आहे आणि रुग्ण मिनिटाला २४ वेळा श्वास मागत आहे, अशी कल्पना करावी. चक्र २.५ सेकंदांचे झाले. त्यातील १.६७ सेकंद श्वासाने घेतले. उच्छ्वासाला उरले ०.८३. डॉक्टरांनी १:२ असे प्रमाण ठेवले होते, रुग्णाला २:१ मिळत आहे. यंत्रावर कोणताही खटका न फिरविता प्रमाण उलटे झाले.

आणि श्वासकाल कमी केल्याने प्रश्न सुटतोच असेही नाही. टोबिन व लाघी यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखविले की, यंत्राचा श्वासकाल कमी केला तर रुग्णाचा स्वतःचा श्वसनदर वाढतो. वाचविलेले क्षण रुग्णाचीच लय काही अंशी परत घेते.

दोन घड्याळे जुळली नाहीत म्हणजे जो विसंवाद निर्माण होतो, त्याची रूपे अनेक आहेत. त्यातील तीन विशेष महत्त्वाची होत. पहिले निष्फळ प्रयत्नाचे. वायुकोशांत ८ सेंटिमीटर ऑटो-पीप आहे आणि यंत्राला जाग येण्यासाठी दाब २ सेंटिमीटरने उतरावा लागतो, तर रुग्णाला एकूण १० सेंटिमीटरची ओढ लावावी लागते. थकलेल्या श्वासपटलाला ते जमले नाही तर छाती हलते, पण यंत्र ढिम्म राहते. पडद्यावर श्वसनदर १६ दिसत असतो आणि रुग्ण खाटेवर २४ वेळा धडपडत असतो. बाहेरून योग्य तेवढा पीप दिल्यास ही दरी कमी होते. परंतु मूळ कारण बहुधा लांबलेला श्वासकाल हेच असते.

दुसरे रूप श्वास उशिरा संपण्याचे. 'प्रेशर सपोर्ट' पद्धतीत प्रवाह कमाल पातळीच्या ठरावीक टक्क्यांवर, बहुधा २५ टक्क्यांवर, उतरला की यंत्र श्वास थांबविते. सीओपीडीच्या रुग्णात प्रवाह इतक्या संथपणे उतरतो की त्याच्या मेंदूने श्वास संपविला तरी यंत्र हवा भरतच राहते. तो पोटाचे स्नायू आवळून तिला विरोध करू लागतो. ही मर्यादा ४० किंवा ५० टक्क्यांवर नेल्यास श्वास वेळेवर थांबतो.

तिसरे रूप याच्या नेमके उलट आहे. यंत्राचा श्वास संपला, रुग्णाचा प्रयत्न मात्र चालूच आहे. यंत्र त्या उरलेल्या प्रयत्नाला नवी मागणी समजते आणि उच्छ्वास न होऊ देताच दुसरा श्वास पहिल्यावर चढविते. याचे गांभीर्य समजण्यासाठी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एआरडीएस संशोधन-जाळ्याच्या चाचणीकडे वळावे लागते. ८६१ रुग्णांच्या या चाचणीत अपेक्षित शरीरवजनाच्या दर किलोग्रॅमला १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर श्वास-आकारमान दिल्याने मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. लहान श्वासाची भरपाई करण्यासाठी दर मिनिटाला ३५ पर्यंत नेण्याची मुभा होती. ताठर फुप्फुसांचा कालस्थिरांक लहान असल्याने १.७ सेकंदांच्या चक्रातही ते बरेचसे निभते. मात्र अशा रुग्णात श्वासकाल फार आखूड ठेवला आणि श्वासावर श्वास चढला, तर ६ आणि ६ मिळून जवळजवळ १२ मिलिलिटर होतात. नोंदपत्रावर संरक्षक आकारमान लिहिलेले असते; फुप्फुसांना मिळते ते नेमके टाळायचे असलेले.

तिये आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६२ रुग्णांपैकी १५ रुग्णांत, म्हणजे २४ टक्क्यांत, दहापैकी एकाहून अधिक श्वास विसंवादी आढळले, आणि हे रुग्ण अधिक काळ यंत्रावर राहिले. विसंवादामुळे यंत्रावरील काळ लांबला, की मुळात अधिक आजारी असल्यामुळे विसंवाद झाला, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. श्वासपटलाच्या विद्युतसंकेतावरून श्वास सुरू व बंद करणारी पद्धत सिंडर्बी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडली. तिच्यात यंत्राचे घड्याळ बाजूला ठेवून मेंदूचे घड्याळ वापरले जाते. तिच्यासाठी अन्ननलिकेत विशेष तारा असलेली नळी घालावी लागते आणि ती प्रत्येक रुग्णालयाला परवडत नाही.

२०२० मधील साधी यंत्रे

कोविड-१९ च्या साथीत, २०२० च्या पूर्वार्धात, महाराष्ट्रासह देशातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत श्वसनयंत्राचे साधे नमुने तयार करण्यात आले. रुग्णवाहिकेत वापरली जाणारी पिशवी मोटारीच्या साह्याने दाबणारी यांत्रिक भुजा, असे त्यांतील पुष्कळ नमुन्यांचे स्वरूप होते. पदार्थविज्ञान आणि अणुविद्युत विभागांतील अध्यापकांनी विद्यार्थ्यांसह घेतलेले ते परिश्रम प्रामाणिक होते. पिशवी दाबणारी भुजा बनविणे हे त्यातील सोपे काम होते. रुग्णाचा प्रयत्न ओळखणे, उच्छ्वास पूर्ण झाला की नाही हे प्रवाहावरून ताडणे आणि त्यानुसार पुढच्या श्वासाची वेळ ठरविणे, हे अवघड काम होते. आणि रुग्णाचे बरेवाईट त्यावर अवलंबून असते.

ब्रिटनच्या औषध व उपकरण नियामक संस्थेने मार्च २०२० मध्ये तातडीने बनवावयाच्या श्वसनयंत्रांसाठी किमान अपेक्षा जाहीर केल्या. श्वसनदर मिनिटाला १० ते ३०, मूळ प्रमाण १:२ आणि शक्य तर ते १:१ ते १:३ या मर्यादेत बदलता यावे, असे त्यांत म्हटले होते. या आकड्यांचे सेकंदांत रूपांतर केले असता त्या यंत्राची दोन टोके दिसतात. मिनिटाला १० श्वास आणि १:३ प्रमाण असता उच्छ्वासकाल ४.५ सेकंद येतो. प्रस्तुत लेखातील दम्याच्या रुग्णाला तो अडीच कालस्थिरांक पुरतो आणि ९२ टक्के हवा बाहेर पडते. मिनिटाला ३० श्वास आणि १:१ प्रमाण असता उच्छ्वासकाल १ सेकंद. एआरडीएसच्या ताठर फुप्फुसाला तेवढ्यात तीन कालस्थिरांक मिळतात. त्याच खोलीतील, शेजारच्याच खाटेवरील दम्याच्या रुग्णाची निम्म्याहून अधिक हवा मात्र आत अडकून राहते.